पाळीव प्राण्याच्या ऑनलाइन खरेदीतील विसार : परतीचा हक्क आणि मार्ग

बैलबाजारात जनावराचा सौदा ठरला म्हणजे गिऱ्हाईक विक्रेत्याच्या हातावर काही रक्कम ठेवते. तिला विसार म्हणतात. काही भागांत इसार असाही शब्द आहे. विसार दिला की ते जनावर दुसऱ्यास विकावयाचे नाही आणि गिऱ्हाइकानेही मागे फिरावयाचे नाही, असा उभयपक्षी निर्बंध मानला जातो. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो, परंतु तो उघड्यावर होतो. जनावराचे दात पाहिलेले असतात, चाल पाहिलेली असते. दलाल आणि शेजारचे चार जण साक्षीला असतात. माळेगावची यात्रा असो की सारंगखेड्याचा घोडेबाजार असो, विक्रेता कोणत्या गावचा हे कोणाला ना कोणाला ठाऊक असते. सौदा फिसकटला तर विसार परत मागण्यासाठी जावयाचे कोठे, हा प्रश्न तेथे सहसा पडत नाही.

आता पाळीव प्राण्यांची, विशेषतः कुत्र्यामांजरांच्या पिल्लांची, बरीचशी खरेदी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होऊ लागली आहे. पिल्लाचे छायाचित्र येते, किंमत सांगितली जाते, ‘आणखी दोन गिऱ्हाइके तयार आहेत, आजच बुकिंग करा’ असा निरोप येतो आणि यूपीआयद्वारे काही हजार रुपये क्षणात निघून जातात. रक्कम तीच, विसाराचीच; मात्र बाजारातील साक्षी, ओळख आणि प्रत्यक्ष पाहणी यांपैकी काहीही तिच्या पाठीशी उरलेले नसते. पिल्लू मिळाले नाही आणि विक्रेता रक्कमही देईना, म्हणजे दोन चुकीच्या समजुती पुढे येतात. विसार एकदा दिला की गेला, ही पहिली. पोलिसांत गेले की रक्कम लगेच हाती येते, ही दुसरी. या दोन्ही समजुतींमुळे परत मिळू शकणारी रक्कमही अनेकदा बुडते. गावातील अशी माणसे सल्ल्यासाठी प्रथम शिक्षकाकडे, ग्रामपंचायत सदस्याकडे किंवा कार्यालयातील ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे येतात. म्हणून या विषयाची कायदेशीर बाजू त्यांना माहीत असणे उपयुक्त ठरेल.

विक्रेता खरा की खोटा?

सर्वप्रथम एकच गोष्ट ठरवावी लागते. समोर खरोखर प्राणी विकणारा, परंतु रक्कम अडवून बसलेला विक्रेता आहे, की विक्रेत्याचे सोंग घेतलेला भामटा आहे? या दोहोंचे मार्ग निराळे आहेत आणि दुसऱ्या प्रकारात वेळेला फार महत्त्व आहे.

भामट्याची रीत साधारणतः ठरलेली असते. उंची जातीचे पिल्लू बाजारभावापेक्षा बरेच स्वस्त सांगितले जाते. विक्रेता दूरच्या शहरात असतो आणि प्रत्यक्ष पाहावयास येऊ देत नाही. विसार मिळाल्यावर वाहतुकीचा खर्च, मग पिंजऱ्याचा, मग लसीकरणाचा, मग विम्याचा अशा रकमा एकामागून एक मागितल्या जातात, आणि प्रत्येक रक्कम ‘पिल्लू पोचताच परत मिळणारी’ असते. जेथे दुसरी अथवा तिसरी मागणी आली, तेथे पहिली रक्कम वाचविण्याच्या आशेने आणखी पैसे भरणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. अशा वेळी राष्ट्रीय सायबर साहाय्यता क्रमांक १९३० वर तत्काळ दूरध्वनी करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. २०२१ पासून कार्यान्वित झालेल्या व्यवस्थेनुसार या क्रमांकावर आलेली माहिती संबंधित बँकांकडे पाठविली जाते आणि रक्कम पुढे काढली गेली नसेल, तर ती खात्यात रोखून धरता येते. रक्कम काही तासांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरविली जाते. म्हणून रात्र झाली आहे, उद्या पाहू, असे म्हणणे परवडत नाही. दूरध्वनी करताना व्यवहार क्रमांक, दिनांक, वेळ, रक्कम आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचा तपशील हाताशी असावा.

बँकेने ही रक्कम भरून द्यावी, अशी अपेक्षा अनेकजण करतात. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळविल्यास त्याच्यावर तोशीस न पडण्याची जी तरतूद आहे, ती ग्राहकाच्या परवानगीवाचून झालेल्या व्यवहारांपुरती आहे. विसार हा खातेदाराने स्वतः पिन टाकून दिलेला असल्यामुळे त्याला ती सामान्यतः लागू होत नाही. क्रेडिट कार्डाने रक्कम दिली असेल तर माल न मिळाल्याबद्दल कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदविण्याची सोय असते. ती मात्र विनाविलंब वापरावी.

याच ठिकाणी आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ‘रक्कम परत करतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका’ असे विक्रेता सांगतो. यूपीआय व्यवस्थेत पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठीच. तसेच बुडालेली रक्कम वसूल करून देतो असे सांगून आगाऊ शुल्क मागणारे लोकही पुढे येतात. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक अशा मंडळींच्या हाती फिरत असतो.

विसार कोणाचा?

विक्रेता खरा असेल, म्हणजे त्याचे नाव, ठिकाण आणि व्यवसाय प्रत्यक्षात अस्तित्वात असतील, तर प्रश्न हक्काचा होतो. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका शिक्षकाने परजिल्ह्यातील विक्रेत्याकडून लॅब्राडोर जातीचे पिल्लू १८,००० रुपयांना ठरविले आणि ५,००० रुपये आगाऊ पाठविले. पिल्लू पंधरा दिवसांत पोचविण्याचे ठरले. महिना उलटला, पिल्लू आले नाही, आणि विक्रेता म्हणू लागला की ‘बुकिंगची रक्कम आमच्याकडे परत होत नाही.’

या उत्तराला कायद्याचा आधार किती, हे विसाराच्या स्वरूपावर आणि करार कोणी मोडला यावर अवलंबून आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट या प्रकरणात विसाराचे स्वरूप स्पष्ट केले. विसार हा करार पार पाडण्याची हमी म्हणून दिला जातो. करार पुरा झाला तर तो किमतीत वळता होतो आणि खरेदीदाराच्या कसुरीमुळे करार मोडला तर विक्रेत्यास तो जप्त करता येतो. येथे ‘खरेदीदाराच्या कसुरीमुळे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्या उदाहरणात कसूर विक्रेत्याची आहे. ज्याने स्वतः करार पाळला नाही, त्याला समोरच्याची हमी खिशात घालता येत नाही. ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द निरोपात कितीही ठळक लिहिला, तरी त्याचा अर्थ फार तर खरेदीदाराने विनाकारण माघार घेतल्यास रक्कम परत नाही, एवढाच होऊ शकतो. उलट, भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ अन्वये खरेदीदारास विसाराखेरीज प्रत्यक्ष झालेल्या नुकसानीची भरपाईही मागता येते.

शिक्षकानेच विचार बदलला असता तर? घरमालकाने कुत्रे ठेवण्यास मनाई केली आणि त्याने आठ दिवसांनी सौदा रद्द केला, असे समजू. आता विक्रेत्याची बाजू बळकट होते. तरीही ती अमर्याद नाही. मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हा १९६९ मधील निर्णय या संदर्भात वाचण्यासारखा आहे. तेथे एका पुरवठादाराने सैन्यासाठी बटाटे, तसेच कोंबड्या, अंडी आणि मासे पुरविण्याचे करार केले होते. पुरवठ्यात खंड पडल्यावर सरकारने त्याच्या १०,००० आणि ८,५०० रुपयांच्या अनामती जप्त केल्या. नुकसान मोजून सिद्ध करता येण्यासारखे असताना ते सिद्ध न करता अनामत गिळंकृत करता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. वाजवी विसाराची जप्ती ही गोष्ट निराळी, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे. परंतु किमतीचा मोठा भाग आगाऊ घेतला असेल तर त्याला नुसते विसाराचे नाव देऊन भागत नाही. पुढे २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने ७८ लाख रुपयांचा विसार जप्त केला होता आणि तोच भूखंड नंतर कितीतरी अधिक किमतीस विकला होता. नुकसान झालेच नाही, तर कलम ७४ खालील भरपाई कशाची, असा विचार करून न्यायालयाने रक्कम परत देवविली. पिल्लांच्या व्यवहारास हे तत्त्व जसेच्या तसे उपयोगी आहे. शिक्षकाने सोडलेले पिल्लू चार दिवसांत दुसऱ्या गिऱ्हाइकाने त्याच किमतीस नेले असेल, तर विक्रेत्याचे नुकसान चार दिवसांच्या खाद्याचे. विक्रेत्याने ते पिल्लू विकल्याची जाहिरात वा छायाचित्र आढळल्यास जपून ठेवावे, ते याचसाठी.

ठरलेले पिल्लू पोचण्यापूर्वीच दगावले, असेही घडते. लहान पिल्लांना पार्व्होसारखा रोग काही दिवसांत नेतो. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ८ प्रमाणे विवक्षित माल, म्हणजे येथे ते दाखविलेले पिल्लू, कोणाचाही दोष नसताना जोखीम खरेदीदाराकडे जाण्यापूर्वी नष्ट झाले तर करार संपुष्टात येतो; आणि संविदा अधिनियमाच्या कलम ६५ नुसार अशा कराराखाली घेतलेला लाभ परत करावा लागतो. ‘पिल्लू मेले त्याला आम्ही काय करणार’ हे विक्रेत्याचे म्हणणे माणुसकीच्या दृष्टीने खरे असेल, पण पैसे ठेवून घेण्यास ते कारण होत नाही. त्याऐवजी दुसरे पिल्लू घेण्याची सक्तीही खरेदीदारावर करता येत नाही.

येथे एक अपवाद स्पष्टपणे सांगितला पाहिजे. विसार पोपटासाठी, मुनियांसाठी किंवा चांदणी कासवासाठी दिला असेल, तर प्रकरण उलटते. भारतीय वन्य पक्षी व प्राणी यांची खरेदी-विक्री वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. बेकायदेशीर उद्देशासाठी केलेला करार संविदा अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे शून्य असतो आणि उभय पक्ष दोषी असता न्यायालय सहसा कोणाच्याही मदतीस येत नाही. घरोघरी पिंजऱ्यात दिसणारा हिरवा पोपटही या संरक्षित पक्ष्यांत मोडतो, हे ग्रामीण भागातच नव्हे तर शहरातही अनेकांना ठाऊक नसते. अशा विसाराचा माग काढण्यापेक्षा वन विभागास माहिती देणे श्रेयस्कर.

ग्राहक आयोगाचा मार्ग

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्यातील ‘ग्राहक’ या शब्दाच्या व्याख्येत, किंमत अंशतः दिली आणि अंशतः देण्याचे वचन दिले, असा खरेदीदार स्पष्टपणे समाविष्ट आहे; ऑनलाइन व्यवहारही त्यात आहेत. म्हणजे केवळ विसार दिलेला शिक्षक हा पूर्ण ग्राहक होय. मात्र जो पिल्ले पुन्हा विकण्यासाठी घेतो, तो या व्याख्येत बसत नाही. तसेच ज्या गृहस्थाच्या घरच्या कुत्रीला एकदाच पिल्ले झाली आणि त्याने ती विकली, त्याला व्यापारी म्हणणे कठीण. ई-कॉमर्स नियम, २०२० देखील नियमित व्यवसाय नसलेल्या वैयक्तिक व्यवहारांना लागू नाहीत. अशा गृहस्थाविरुद्ध संविदा कायद्याच्या आधारे दिवाणी न्यायालयाचा मार्ग राहतो.

२०१९ च्या कायद्याने केलेली सर्वांत मोठी सोय म्हणजे ग्राहकास आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता परराज्यात असला तरी तक्रारदाराने तेथे खेटे घालण्याचे कारण नाही. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील देणे बंधनकारक नाही, आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. त्यासाठी पूर्वी ई-दाखिल हे पोर्टल होते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती ही व्यवस्था सुरू झाली आहे. मुदत मात्र दोन वर्षांची आहे आणि ती विक्रेत्याच्या गोड आश्वासनांमुळे थांबत नाही.

तक्रारीपूर्वी दोन पायऱ्या घेणे इष्ट. पहिली, राष्ट्रीय ग्राहक साहाय्यता क्रमांक १९१५. येथे तक्रार नोंदविल्यावर ती विक्रेत्याकडे किंवा ज्या ऑनलाइन बाजारपेठेवरून व्यवहार झाला तिच्याकडे पाठविली जाते, आणि किरकोळ रकमेचे पुष्कळ तंटे येथेच मिटू शकतात. ऑनलाइन बाजारपेठेस तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात निवारण करावयाचे असते. खरेदी झाल्यावर ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता पुरविणे हेही तिचे कर्तव्य आहे, आणि नुसता भ्रमणध्वनी क्रमांक हाती असलेल्या ग्राहकास या तरतुदीचे मोल फार आहे. परंतु ओळख बाजारपेठेवर झाली आणि सौदा मात्र व्हॉट्सॲपवर खाजगीरीत्या ठरला, तर बाजारपेठ हात झटकते. विक्रेते गिऱ्हाइकास लगेच खाजगी क्रमांकावर का ओढतात, याचे एक कारण हे आहे.

दुसरी पायरी लेखी नोटिशीची. ती लांबलचक असू नये. ‘दिनांक अमुक रोजी अमुक व्यवहार क्रमांकाने ५,००० रुपये दिले, पिल्लू अमुक तारखेपर्यंत देण्याचे ठरले, ते दिले नाही, म्हणून सौदा रद्द करीत आहे, पंधरा दिवसांत रक्कम परत न केल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे व्याज व खर्चासह मागणी करीन’ एवढा मजकूर पुरेसा आहे. ती स्पीड पोस्टने पाठवावी आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवरही पाठवावी. संताप, शिवीगाळ, समाजमाध्यमांवर बदनामीची धमकी यांचा मोह टाळावा. तोच कागद उद्या आयोगापुढे वाचला जावयाचा असतो.

पुराव्याच्या बाबतीत अनेकजण हकनाक दुबळे होतात. भांडण झाले की रागाने संभाषण पुसून टाकले जाते किंवा विक्रेत्याचा क्रमांक बंद केला जातो. संभाषण मूळ भ्रमणध्वनीत तसेच राहू द्यावे, त्याची नक्कल काढावी, जाहिरात नाहीशी होण्यापूर्वी तिचे चित्र दिनांकासह जतन करावे आणि बँकेकडून खातेउतारा घ्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. ते तक्रारीबरोबरच जोडलेले बरे. तोंडी ठरलेल्या गोष्टीसाठी एक साधा उपाय आहे. दूरध्वनीवर बोलणे झाल्यावर ‘आपण आता पिल्लू २० तारखेस देण्याचे कबूल केले’ असा निरोप लगेच पाठवावा. विक्रेत्याने त्यावर ‘हो’ म्हटले किंवा हरकत घेतली नाही, तरी ती नोंद उपयोगी पडते.

तक्रारीची मांडणी करताना एका तांत्रिक मुद्द्याचे भान ठेवावे. कायद्यात ‘अनुचित करार’ अशी स्वतंत्र संकल्पना असून अवाजवी अनामत घेणारा करार तीत मोडतो. परंतु अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाऐवजी राज्य आयोगाकडे करावी लागते. पाच हजार रुपयांसाठी मुंबई गाठण्यापेक्षा सेवेतील उणीव आणि अनुचित व्यापारी प्रथा या आधारांवर जिल्हा आयोगाकडेच दाद मागणे सोयीचे. त्या दृष्टीने विक्रेत्याने परवानगी घेतली आहे किंवा कसे, हेही पाहावे. २०१७ च्या श्वान प्रजनन व विपणन नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता कामा नये आणि विक्रीच्या पिल्लास मायक्रोचिप बसविली पाहिजे. दुकानांसाठी २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. नोंदणी क्रमांक विचारताच काही विक्रेत्यांचा सूर बदलतो आणि रक्कम परत येते, ही गोष्ट व्यवहारात लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पोलिसांचे काम कोठे सुरू होते, याविषयी मात्र नेमकेपणा हवा. केवळ रक्कम परत केली नाही एवढ्यावरून फसवणुकीचा गुन्हा सिद्ध होत नाही. आरंभापासूनच फसविण्याचा हेतू होता, असे दिसावे लागते. एकच छायाचित्र दाखवून अनेकांकडून विसार घेणे, खोटे नाव, खोटा पत्ता, पैसे मिळताच क्रमांक बंद करणे या गोष्टी त्या हेतूकडे बोट दाखवितात. तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्यावी. घटना कोणत्या हद्दीतील हा वाद न घालता कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवून घेतली पाहिजे, अशी नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तरतूद आहे. फौजदारी तक्रार आणि ग्राहक आयोगापुढील मागणी या दोन्ही एकाच वेळी चालू शकतात.

आयोगाने आदेश दिल्यावरही विक्रेता गप्प राहिला, तर कलम ७१ अन्वये तो आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अंमलात आणता येतो. कलम ७२ त्याहून कडक आहे : आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. विक्रेत्याला अपील करावयाचे असेल तर ते ४५ दिवसांत करावे लागते आणि त्यापूर्वी आदेशातील रकमेची निम्मी रक्कम भरावी लागते. पाच हजारांच्या विसारासाठी हा सारा खटाटोप विक्रेत्यालाही परवडणारा नसतो. त्यामुळे आयोगाची नोटीस मिळताच तडजोडीचा निरोप येण्याचा संभव असतो. मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे. तडजोड करावयाची झाल्यास ठरलेली संपूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच तक्रार मागे घ्यावी. ‘आधी तक्रार काढा, संध्याकाळी पैसे टाकतो’ या शब्दावर नव्हे.